फुगवट्यातला पूल

सायखेड्याच्या पुलावर पुस्तक करायचं म्हटल्यावर पहिला हिसका सायखेड्यातच बसला. पुलाच्या तोंडाशी चहाच्या टपरीवर बसलेल्या एका आजोबांना मी काय करतोय ते सांगितलं. त्यांनी बशीतला चहा संपवला, पुलाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "पूल काय बघायचा? पुलावरनं बघायचं असतं." तोवर मी खांब मोजत होतो, गाळ्यांची रुंदी पावलांनी मापत होतो. त्या दिवसापासून मापं सोडली आणि कठड्याला टेकून उभा राहायला लागलो. हे पुस्तक त्या उभं राहण्यातून झालं आहे. नावात पूल असला तरी आत खुद्द पुलाविषयी फार थोडं आहे, हे आधीच सांगितलेलं बरं.

जागा सापडायला अवघड नाही. नाशिकहून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याला लागायचं. पंचविसेक किलोमीटरवर चांदोरी येतं. तिथं सायखेडा फाट्यावर उजवीकडे वळलं की थोड्याच वेळात गोदावरी आडवी येते. अलीकडे चांदोरी, पलीकडे सायखेडा, मधे पूल. तालुका निफाड. नाशिक बघायला येणारा माणूस पंचवटी करतो, त्र्यंबक करतो, पांडवलेणी करतो, हल्ली वायनरीही करतो. इकडे तो येत नाही आणि जा म्हणून त्याला कुणी सांगतही नाही. सायखेड्याचा पूल बातमीत येतो तो पावसाळ्यातल्या एखाद-दोन दिवसांपुरता. पूल पाण्याखाली, वाहतूक बंद, अशी पट्टी टीव्हीच्या तळाशी सरकत राहते आणि पूर ओसरला की पूलही बातम्यांतून ओसरतो.

फिनलंडमध्ये सरकारचं रस्तेखातं जुने पूल निवडून त्यांना संग्रहालय-पुलाचा दर्जा देतं, असं वाचलं होतं. खेड्यातला एखादा दगडी कमानीचा किंवा लाकडी पूल. त्याच्यावरून हमरस्ता कधीच दुसरीकडे गेलेला असतो, तरी पूल जिथल्या तिथे राखायचा, माहितीची पाटी लावायची. वाचून हेवा वाटला. आपल्याकडे पुलाला मिळणारी पाटी एकच असते : पुलावरून पाणी वाहत असताना वाहने नेऊ नयेत. पण मग लक्षात आलं, सायखेड्याच्या पुलाला संग्रहालयात जायला अजून सवडच मिळालेली नाही. त्याच्यावरून रोज कांदा जातो, ऊस जातो, शाळेची पोरं जातात, वऱ्हाडं जातात. जो पूल कामावर आहे त्याची प्रस्तावना लिहायची म्हणजे चालत्या बैलगाडीच्या चाकाचं चित्र काढण्यासारखं आहे.

या पुलाखालचं पाणी वर्षातले बरेच महिने वाहतच नाही, हे कळायला मला तीन खेपा लागल्या. पहिल्या दोन खेपांना मी नदी बघून परत आलो. तिसऱ्या खेपेला, जानेवारीतल्या एका सकाळी, पाणवेलीचा एक हिरवा पुंजका पुलाखालून चालला होता आणि तो चालला होता नाशिकच्या दिशेनं. उलटा! वारा पूर्वेचा होता, त्यानं तो ढकलत नेला होता. वाहत्या नदीत असं होत नाही. तेव्हा शेजारी गळ टाकून बसलेल्या पोराला विचारलं. तो म्हणाला, "फुगवटा आहे ना नांदूरचा."

फुगवटा हा शब्द पाटबंधारे खात्यात आहे तसाच इथल्या चौथीतल्या पोराच्या तोंडीही आहे. बंधारा घातला की त्याच्या पाठीमागे पाणी फुगून तुंबतं आणि नदीच्या पोटातून वर वर सरकत जातं. जिथपर्यंत ते पोचतं तिथपर्यंत फुगवटा. सायखेड्याच्या खाली काही कोसांवर, गोदावरी आणि कादवेच्या संगमाशी, नांदूरमध्यमेश्वरला इंग्रज सरकारनं १९०७ मध्ये दगडी बंधाऱ्याचं काम काढलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दुष्काळांनी दख्खनची दैना केली होती आणि सरकारला कालव्यांची निकड पटली होती. त्याच योजनेत वर दारणा नदीवर धरण झालं, ते १९१६ मध्ये पुरं झालं. दारणेनं पाणी साठवायचं, गोदावरीनं ते खाली आणायचं, नांदूरच्या बंधाऱ्यानं ते अडवून डाव्या-उजव्या कालव्यांत वळवायचं, असा तो हिशेब. पाणी गेलं कोपरगाव-राहाता भागाकडे. तिथला ऊस, तिथले साखर कारखाने, त्या कारखान्यांभोवती उभं राहिलेलं राजकारण, या सगळ्याचं मूळ शोधत गेलं तर वाट या बंधाऱ्याशी येते. निफाडच्या वाट्याला आला फुगवटा.

इथे एक घोळ आधीच निस्तरतो. नाशिक जिल्ह्यात कादवा या नावाशी जुळणाऱ्या नद्या दोन आहेत. निफाडवरून येऊन नांदूरला गोदावरीत मिळते ती कादवा, जिच्यावर पालखेडचं धरण आहे. आणि इगतपुरीकडची ती कडवा, जी दारणेला मिळते; तिच्यावरचं धरणही कडवाच. पुराच्या बातम्यांत दोन्हींचे आकडे एकापाठोपाठ येतात आणि शहरातल्या माणसाची गाळण उडते. सायखेड्याच्या माणसाची उडत नाही. कुठल्या धरणाचं पाणी पुलाच्या वरून येणार आणि कुठलं पुलाच्या खाली मिळणार हे त्याला पाठ असतं. गंगापूरचं येणार, दारणेचं येणार; पालखेडचं पाणी पुलाखालून जात नाही, पण ते नांदूरला आडवं येऊन उभं राहिलं की गोदावरीला पुढे सरकायला जागा उरत नाही. नदीच्या अंगानं विचार करायची ही रीत कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. या पुस्तकातलं पुराचं प्रकरण मी लिहिलं असलं तरी त्यातली अक्कल पुलावरच्या लोकांची आहे.

आणखी एक, इथं कुणी गोदावरीला गोदावरी म्हणत नाही. गंगा म्हणतात. काठचा पट्टा ती गंगथडी. खानगाव थडीसारख्या गावाच्या नावातच नदीचा काठ शिरलेला आहे. पुस्तकात मी दोन्ही नावं वापरली आहेत. कागदपत्रांविषयी बोलताना गोदावरी आणि माणसांविषयी बोलताना गंगा, असा ढोबळ नियम आपोआप होत गेला.

फुगवट्यानं काय काय केलं, हा खरं तर या पुस्तकाचा विषय. पाणी थांबलं की गाळ खाली बसतो. शंभराहून अधिक वर्षं सह्याद्रीची माती बंधाऱ्याच्या पाठीमागे बसत राहिली. पाणसाठा उथळ झाला, मधे बेटं वर आली, बेटांवर लव्हाळं आणि पाणकणीस माजलं. इंजिनिअरच्या हिशेबात हा तोटाच, कारण साठवण कमी झाली. पण उथळ पाणी, चिखल आणि गवत ही हिवाळी पाखरांची पंगत असते. थव्याथव्यानं ती यायला लागली. १९८६ मध्ये अभयारण्य जाहीर झालं आणि जानेवारी २०२० मध्ये नांदूरमध्यमेश्वरचं नाव रामसर यादीत आल्याची बातमी आली, महाराष्ट्रातली पहिली पाणथळ जागा म्हणून. इराणमधल्या रामसर गावी १९७१ मध्ये झालेल्या कराराची ही यादी. यादीत नोंदलेलं क्षेत्र १,४३७ हेक्टर; पक्ष्यांच्या जाती २६५, वनस्पतींच्या ५३६, माशांच्या २४. त्या माशांत एक आहे देवळाली मिनो, आपल्या देवळालीचं नाव लावून जगाच्या संकटग्रस्त यादीत बसलेला बोटभर मासा. सरकारी बंधारा गाळानं भरतो आणि त्यातून आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ होते, असली कमाई ठरवून कुणाला जमली नसती.

पुलावरून अभयारण्य दिसत नाही. त्यासाठी चापडगावच्या बाजूला जायला हवं, तिथं मनोरे आहेत आणि दुर्बीण घेऊन सोबत येणारी गावातलीच मुलं आहेत. ही मुलं पक्ष्यांची मराठी, इंग्रजी आणि गावठी अशी तिन्ही नावं सांगतात. पट्टकादंब, चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, चमचा, मुग्धबलाक, दलदली भोवत्या. मोठा मान पट्टकादंबाचा, हिमालय ओलांडून येतो म्हणून. रोहित आला तर गर्दी होते. मला मात्र जीव लागला तो वारकऱ्याला. काळाभोर, बदकाएवढा, कपाळावर पांढऱ्या गंधाचा ठसठशीत टिळा आणि शेकड्यांनी एकत्र चाललेला. ज्यानं कुणी या पक्ष्याला वारकरी म्हटलं त्यानं आषाढीची वाट डोळे उघडे ठेवून पाहिली असणार. पुलावर उभं राहिलं तर पाखरं मोजकीच दिसतात : पाणकावळे, शेकाटे आणि एका जागी पंख फडफडवत थांबून पाण्यात दगडासारखा पडणारा कवड्या खंड्या. तेवढी पुरतात.

गाळाची गोष्ट निघालीच आहे तर आणखी जुन्या गाळाविषयी. बंधाऱ्याच्या कितीतरी आधी, मनुष्यानं नदीला हात लावायच्या आधी, गोदावरीनं स्वतःच इथं मातीचे थर रचून ठेवले होते. त्या थरांत नांदूरमध्यमेश्वरजवळ एका प्रचंड हत्तीची कवटी सापडली. भूवैज्ञानिक गाय पिलग्रिम यांनी १९०५ मध्ये तिच्यावर लेख लिहिला. आजच्या हत्तीला ठेंगणा ठरवणारी ही जात केव्हाच नामशेष झाली. हे वाचल्यापासून काठावरच्या उभ्या मातीच्या कडा बघताना मान आपोआप तिरकी होते. अजून काही दिसलेलं नाही, हेही कबूल करतो. याच गावात, नदीच्या पात्राशी, मृगव्याधेश्वराचं देऊळ आहे. रामानं सोन्याच्या हरणावर बाण सोडला तो इथं, अशी कथा सांगतात. एका जागेला हत्तीची कवटी आणि हरणाची गोष्ट असे दोन प्राणी लाभलेत, आणि गावातल्या लोकांना हरणाचं ठाऊक आहे, हत्तीचं नाही. पुस्तकात मी दोघांना शेजारी-शेजारी बांधून ठेवलं आहे.

फुगवट्यानं जशी पाखरं आणली तशी देवळं नेली. चांदोरीच्या बाजूला नदीच्या पात्रात काळ्या दगडाची लहान लहान देवळं आहेत. एरवी दिसत नाहीत, पाण्याखाली असतात. दुष्काळात किंवा बंधाऱ्याची दारं उघडून पाणी उतरवलं की आधी शिखरं वर येतात, मग खांब, मग चिखलात रुतलेला नंदी. गावातली माणसं तेव्हा सहकुटुंब पात्रात उतरतात, फुलं वाहतात, मोबाइलवर फोटो काढतात, म्हातारी माणसं मागच्या खेपेला कुठपर्यंत पाणी उतरलं होतं याची आठवण काढतात. काही दिवसांनी पाणी चढतं आणि देव पुन्हा आत जातात. जलसमाधी हा शब्द आपण संतांसाठी वापरतो. इथं तो देवाला लागू आहे आणि त्यातून देव अधूनमधून उठतोही.

ही देवळं नदीकाठी बांधण्याइतका पैसा चांदोरीत आला कुठून, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. त्याचं उत्तर दिल्लीत आहे. चांदोरीचे हिंगणे हे पेशव्यांचे दिल्ली दरबारातले वकील. बाळाजी विश्वनाथ १७१९ मध्ये दिल्लीहून सनदा घेऊन परतले त्या काळापासून महादेव भट हिंगण्यांचं नाव येतं आणि पुढे बापूजी, दामोदर, पुरुषोत्तम अशी मुलं त्याच कामात. मोगल बादशहाच्या घरात काय शिजतंय, वजीर कुणाच्या बाजूला झुकलाय, अब्दाली कुठवर आलाय, हे पुण्याला कळवणारी पत्रं या घराण्याच्या हातची आहेत. पानिपतच्या आधीच्या दहा-बारा वर्षांचा उत्तरेतला घोळ समजून घ्यायचा तर हिंगण्यांचा कागद टाळून चालत नाही. भारत इतिहास संशोधक मंडळानं 'हिंगणे दप्तर' छापलं म्हणून तो अभ्यासकांना मिळाला. पेशवाईच्या परराष्ट्र व्यवहारातल्या एका मोठ्या घराण्याचं गाव आज सायखेडा फाटा म्हणून ओळखलं जातं, ही फाट्यांच्या युगाची गंमत. निफाड तालुक्यानं न्यायमूर्ती रानडेही दिले, १८ जानेवारी १८४२ चा जन्म. पण त्यांचा या पुलाशी संबंध जोडायचा तर फार ओढाताण करावी लागते, म्हणून त्यांना या पुस्तकातून वगळलं आहे. तालुकाप्रेमींनी माफ करावं.

आता पूर. त्याच्याविषयी पुस्तकात सगळ्यात जास्त पानं आहेत आणि ती कमी करणं मला जमलं नाही.

नाशिकमध्ये रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुती आहे. नाशिककर पूर मोजतो तो त्याच्या अंगावर : गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला आलं, मारुती बुडाला. शहरात ही मोजणी म्हणजे उत्सुकतेचा विषय. लोक पुलांवर गर्दी करून बघतात. सायखेड्यात हीच बातमी पोचते तेव्हा ती वेळापत्रकासारखी वाचली जाते. मारुतीच्या छातीला पाणी म्हणजे अमुक तासांनी आपल्या पुलाला, असा हिशेब लागतो. पण या हिशेबात दारणेचं पाणी धरावं लागतं, कारण दारणा रामकुंडाला शिवतच नाही. शहराच्या खाली, दारणासांगवीला येऊन गोदावरीत उतरते. इगतपुरीच्या डोंगरात कोसळलेला पाऊस नाशिकच्या मारुतीला न भिजवता थेट सायखेड्याच्या दारात येतो. मारुती कोरडा म्हणून इथं निर्धास्त झोपता येत नाही.

१९६९ चा महापूर पाहिलेली माणसं आता थोडी उरली आहेत. २००८ चा बहुतेकांना आठवतो. २ ऑगस्ट २०१६ आणि ४ ऑगस्ट २०१९ हे दोन दिवस तर इथं तारखेनंच ओळखले जातात. २०१९ ला नांदूरमध्यमेश्वरहून खाली जाणाऱ्या पाण्याचा आकडा अडीच लाख क्युसेकच्या वर गेला होता. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सव्वाअठ्ठावीस लिटरच्या आसपास; म्हणजे दर सेकंदाला सत्तर लाख लिटरांवर पाणी. गुणाकार करून मी हा आकडा टपरीवर सांगितला तेव्हा कुणाला त्याचं विशेष वाटलं नाही. एकजण म्हणाला, "आमच्या घरात किती होतं ते विचारा." त्यानं भिंतीवरची रेघ दाखवली. माझ्या खांद्याच्या वर होती.

पुरात पुलाचा शत्रू पाणी असतं तसंच पाणवेलही. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली, जांभळ्या फुलांच्या हौसेपायी जगभर फिरली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला हिंदुस्थानात शिरली. तिला हवं असतं थांबलेलं पाणी आणि त्यात भरपूर मैला. नांदूरचा फुगवटा तिला पहिलं देतो, वरची शहरी वस्ती दुसरं. उन्हाळ्यात पुलावरून पाहिलं तर नदीच्या जागी क्रिकेट खेळता येईल असं हिरवं मैदान दिसतं. पुराचा लोंढा आला की हे मैदान सगळंच्या सगळं उठतं, पुलावर येऊन आदळतं, गाळ्यांत आणि कठड्यांत अडकतं. पूल मग पूल राहत नाही, बंधारा होतो, आणि त्याच्या मागे तुंबलेलं पाणी दोन्ही गावांत शिरतं. मग जेसीबी येतो, चांदोरीचे पट्टीचे पोहणारे दोर बांधून उतरतात, आणि कठड्यात गुंतलेली वेल उपसायचं काम सुरू होतं. पाणी पुढे सोडावं म्हणून बांधलेला पूल ते अडवायला लागतो, तर खाली नांदूरला पाणी अडवावं म्हणून बांधलेल्या बंधाऱ्याची दारं ते सोडायला उचलतात. माझ्या मते या गावांचं सगळं दैव या अदलाबदलीत अडकलेलं आहे. दारं किती वाजता उचलली आणि किती वाजता उचलायला हवी होती यावर पारावर होणारे वाद मी तासन्‌तास ऐकले आहेत. त्यात मी पडलो नाही. पुस्तकातही पडलेलो नाही.

आणि नेमका याच्या उलट प्रसंग कोरड्या वर्षी येतो. खाली पैठणला जायकवाडीत पाणी कमी असलं की २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्याप्रमाणे वरच्या धरणांतून पाणी सोडायचा हुकूम निघतो. ते पाणी या पुलाखालून जातं. ते वाटेत कुणी उपसू नये म्हणून नदीकाठच्या मोटारींची वीज बंद ठेवतात, पोलिस फिरत असतात. एरवी संध्याकाळी पुलावर उभं राहिलं की दोन्ही काठांवरून मोटारींची घरघर ऐकू येते. त्या दिवसांत पाणी भरून वाहत असतं आणि काठ गप्प असतो. मराठवाड्याची तहान खोटी नाही, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात कोवळी द्राक्षबाग पोटाशी धरून समोरून चाललेलं पाणी बघणाऱ्या माणसाशेजारी उभं राहून हे वाक्य बोलायला धीर लागतो.

नाशिक जिल्ह्यातल्या इतर पुलांविषयी एक छोटं प्रकरण आहे, ते मुद्दाम घातलं. शहरातला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा व्हिक्टोरिया पूल, आताचा अहिल्यादेवी होळकर पूल, त्याच्यावर लिहिलेलं पुष्कळ आहे म्हणून मी तो दोन पानांत आटोपला. जास्त थांबलो ते त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या खरशेत ग्रामपंचायतीच्या शेंद्रीपाड्याशी. तिथं तास नदीच्या खोल घळीवर लाकडाच्या बल्ल्या आडव्या टाकलेल्या होत्या आणि बाया डोक्यावर हंडे घेऊन त्यांच्यावरून पाण्याला जात. तो फोटो जानेवारी २०२२ मध्ये देशभर फिरला, मंत्र्यांनी लक्ष घातलं, लोखंडी पूल बसला. त्याच वर्षी जुलैत पुरानं तो नेला आणि बल्ल्या परत आल्या. सायखेड्याचा पूल दर चार-पाच वर्षांनी बुडतो म्हणून मी हळहळत होतो. शेंद्रीपाड्याचं वाचल्यावर आवाज जरा खाली आणला. बुडून परत वर येणारा पूल हीसुद्धा चैन आहे.

पुलाच्या रोजच्या दिवसाविषयी शेवटचं प्रकरण आहे आणि ते लिहिताना सगळ्यात मजा आली. सायखेड्याला पिंपळगाव बसवंत बाजार समितीचा उपबाजार आहे, त्यामुळे कांद्याच्या दिवसांत सकाळी पुलावर ट्रॅक्टरांची रांग. ट्रॉलीतून सांडलेल्या कांद्याचा एक लालसर पापुद्रा वाऱ्यानं पुलावरून उडत नदीत जातो. असे शेकडो पापुद्रे पाणवेलीच्या हिरव्या गालिचावर पडतात तेव्हा दिसणारा रंग मी दोनदा रंगवायचा प्रयत्न केला आणि दोनदा कागद फाडला. हिवाळ्यात तर पूल सकाळी दिसतच नाही, धुकं असतं. निफाडची थंडी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. डिसेंबर २०१८ मध्ये इथल्या गहू संशोधन केंद्रावर पारा दोन अंशांच्याही खाली उतरला होता. फिनलंडचा माणूस त्याला वसंत म्हणेल, पण द्राक्षवाल्याचा जीव जातो. अशा पहाटे बागांतून शेकोट्या पेटवतात, ठिबक सोडतात, मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून. पुलावरून मग नदी, धुकं आणि धूर वेगळे काढता येत नाहीत, आणि त्यातून दुधाच्या कॅन लावलेल्या मोटारसायकली दिवे लावून येतात.

पुस्तकातली चित्रं माझी आहेत, ती बेताची आहेत. बांधकामाची मापं, खर्च, कंत्राटं यांचा अभ्यास करणाऱ्यानं हे पुस्तक घेऊ नये, निराशा होईल. अंतरं मी बहुतेक ठिकाणी चालून ठरवली आहेत आणि चालताना थांबायची मला खोड आहे. ऐकीव गोष्टी ऐकीव म्हणूनच दिल्या आहेत, आणि सांगणाऱ्यांची नावं त्यांच्याच सांगण्यावरून गाळली आहेत; बंधाऱ्याच्या दारांविषयी बोलणाऱ्यांना उद्या त्याच काठावर राहायचं आहे.

कुणाला वाचून तिकडे जावंसं वाटलंच, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने बरे. आधी नांदूरमध्यमेश्वर करावं, पहाटे, पाखरं उठायच्या आत. मग काठाकाठानं वर येत चांदोरीला यावं. पाणी उतरलं असेल तर देवळं दिसतील, नसेल तर तिथला माणूस हात लांबवून कुठं आहेत ते दाखवील, आणि नुसतं पाणी बघायची तयारी ठेवावी. पुलावर दुपारी चारच्या सुमाराला पोचावं. खालच्या अंगाच्या, म्हणजे नांदूरच्या दिशेच्या कठड्याला उभं राहावं, ऊन पाठीवर येतं आणि खंड्या समोर पडतो. पूल रुंद नाही. ट्रॅक्टर आला की पोट आत घेऊन कठड्याला चिकटावं. चालवणारा हात वर करतो, आपणही करायचा असतो.